फिंडेल विमानतळ वापरायचा कसा: लक्झेंबर्गला उतरताना आणि तिथून निघताना

फिंडेलच्या टर्मिनलमध्ये वेळ फारसा जात नाही. विमानाच्या दारापासून ट्रॅमच्या थांब्यापर्यंतचं अंतर बॅग जड वाटू लागायच्या आत संपतं. वेळ जातो तो त्याआधी फ्रँकफुर्टच्या किंवा पॅरिसच्या पासपोर्ट रांगेत, नाहीतर पठारावरच्या धुक्यात. आणि रात्री अकराची वेळ हुकली तर सगळाच बेत कोलमडतो. म्हणून या विमानतळाचं नियोजन तिकीट काढतानाच करायचं.

लक्झेंबर्ग देशातला हा एकमेव आंतरराष्ट्रीय विमानतळ, कोड एलयूएक्स. राजधानीच्या मध्यापासून सहा-सात किलोमीटर पूर्वेला, समुद्रसपाटीपासून ३७६ मीटर उंचीवर. देशाची लोकसंख्या सात लाखांच्याही आत, पण २०२४ साली इथून ये-जा करणारे प्रवासी पन्नास लाखांवर गेले. नकाशा उघडला की या आकड्याचा उलगडा होतो. जर्मनीतलं ट्रियर, फ्रान्समधलं थियाँव्हिल, बेल्जियममधलं आर्लाँ ही सगळी गावं गाडीने तासाभराच्या आत आहेत, आणि तिथल्या लोकांनाही हाच विमानतळ सोयीचा पडतो.

तिकीट काढताना: शेंगेनचं दार कुठे लागणार?

भारतातून लक्झेंबर्गला थेट प्रवासी विमान नाही, त्यामुळे वाटेत एकदा विमान बदलावंच लागतं. ते कुठे बदलता यावर पुढचं सगळं ठरतं. (शेंगेन म्हणजे आपसातल्या सीमांवर पासपोर्ट न तपासणाऱ्या युरोपीय देशांचा गट. त्याला नाव देणारं गावही याच देशातलं, मोझेल नदीच्या काठचं. १९८५ चा करार तिथे नदीतल्या बोटीवर झाला.)

पहिला मार्ग फ्रँकफुर्ट, म्युनिक, झुरिक, व्हिएन्ना, अॅमस्टरडॅम किंवा पॅरिसवरून. इथे शेंगेनमधला प्रवेश त्या पहिल्या विमानतळावरच होतो. पुढचं फिंडेलचं उड्डाण देशांतर्गत असल्यासारखं: उतरायचं, सामानाच्या पट्ट्यापाशी जायचं, बाहेर पडायचं. झुरिक युरोपीय संघात नसलं तरी शेंगेनमध्ये आहे, म्हणून पासपोर्ट तपासणी तिथेच होते.

दुसरा मार्ग इस्तंबूल किंवा लंडनवरून. ही दोन्ही शहरं शेंगेनबाहेरची, त्यामुळे पासपोर्ट तपासणी फिंडेलवर होते. त्याचा फायदा असा की एका वेळी शेंगेनबाहेरून आलेलं एखाद-दुसरंच विमान असतं आणि रांग आटोक्यात राहते. लंडनमार्गे जाताना मात्र भारतीय पासपोर्टवर ब्रिटनचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का, हे तिकिटाचे पैसे भरायच्या आधी तपासा. खिशात शेंगेन व्हिसा आहे म्हणून ही अट आपोआप सुटत नाही.

पहिला मार्ग धरला तर दोन विमानांच्या मधे किमान दोन तास ठेवा. एअरलाइनच्या वेबसाइटवर पन्नास मिनिटांचं कनेक्शनही विकलं जातं आणि कागदावर ते वैध असतं. पण त्या पन्नास मिनिटांत काय काय बसवायचं ते बघा. मोठ्या विमानातून उतरायचं, सुरक्षा तपासणी पुन्हा करायची, पासपोर्टची रांग लावायची, आणि मग पार दुसऱ्या टोकाचं गेट गाठायचं. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमांवर नवी प्रवेश-निर्गम नोंदणी सुरू झाली आहे. पहिल्या खेपेला बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेतात. ही नोंद तीन वर्षं राहते, त्यामुळे पुढच्या खेपेला काम लवकर उरकतं. पहिल्या वेळी जाणाऱ्याने दोनाऐवजी तीन तास ठेवले तरी चालतील.

संपूर्ण प्रवास एकाच तिकिटावर असू द्या. दोन वेगळी तिकिटं काढली तर मधल्या विमानतळावर सामान उतरवून पुन्हा चेक-इन करावं लागतं, आणि पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्या कंपनीचं तुमच्याशी काही देणंघेणं नसतं. ड्यूटी-फ्रीमधून बाटली घेतलीच, तर ती सीलबंद पारदर्शक पिशवीत, पावतीसकट, तशीच राहू द्या. मधल्या तपासणीत पिशवी फोडलेली दिसली की शंभर मिलिलिटरवरची बाटली जाते.

दिवसातलं शेवटचं विमान टाळा

फिंडेलवर रात्री ११ ते सकाळी ६ उड्डाणं बंद असतात. धावपट्टीच्या आजूबाजूला सांडवायलरसारखी गावं आणि शहराचे राहते भाग अगदी लागून आहेत, त्यांच्या झोपेसाठी हा नियम. उशीर झालेल्या विमानाला काही वेळा थोडी सवलत मिळते, पण तिच्यावर भिस्त ठेवू नका. रात्री सव्वादहाला पोचायचं विमान तासभर रखडलं, तर ते दुसऱ्याच विमानतळावर उतरतं किंवा मुळात सुटतच नाही. शेवटच्याच्या आधीचं विमान घेतलं, तर बिघडलं तरी हाताशी एक पर्याय उरतो.

परतीच्या बाजूला याच नियमामुळे उलटा प्रकार होतो. सहाला धावपट्टी खुली झाली की रात्रभर मुक्कामाला थांबलेली विमानं एकापाठोपाठ एक सुटतात. त्यामुळे सुरक्षा तपासणीला सगळ्यात जास्त गर्दी पहाटे पाचनंतरची. दुपारी त्याच जागी चार माणसं उभी असतात.

लहान विमान, लहान कप्पे

इथली मुख्य कंपनी लक्सएअर, आणि तिच्या बऱ्याच जवळच्या मार्गांवर पंख्याची डॅश ८-४०० विमानं असतात. साधारण पाऊणशे प्रवाशांचं हे विमान. वरचे कप्पे इतके उथळ की चाकांची केबिन बॅग त्यात आडवी जात नाही, उभी तर नाहीच. अशा वेळी शिडीच्या पायथ्याशी बॅगेला चिठ्ठी लावून ती पोटात ठेवतात आणि उतरल्यावर बहुधा तिथेच परत देतात. म्हणून पासपोर्ट, औषधं, लॅपटॉप आणि पॉवर बँक आधीच एका लहान खांद्यावरच्या पिशवीत ठेवा. पॉवर बँक सामानकक्षात टाकायला बंदी आहे, आणि शिडीपाशी वाऱ्यात उभं राहून बॅग उपसणं हा काही सुखाचा प्रकार नाही.

अशा लहान विमानांसाठीच २००४ मध्ये टर्मिनल बी बांधलं, मोठं टर्मिनल ए २००८ मध्ये आलं. दोन्ही आतून जोडलेली आहेत. बोर्डिंग पासवर गेटसमोर बी दिसलं तर चालायला पाचेक मिनिटं जास्त धरा, तिथे थेट विमानाला जोडणारा पूल नसतो.

धुकं

पठारावरचा विमानतळ म्हणजे शरद ऋतूपासून फेब्रुवारीपर्यंत सकाळी धुकं आलंच. धावपट्टीवर अतिकमी दृश्यमानतेत उतरवणारी यंत्रणा आहे, त्यामुळे विमानतळ सहसा बंद पडत नाही. मंदावतो मात्र नक्की: दोन विमानांमधलं अंतर वाढवावं लागतं, जमिनीवरच्या गाड्यांनाही थांबवून ठेवतात, आणि तासाला उतरणाऱ्या विमानांची संख्या घटते. जमिनीवरच्या हालचालींबाबत एवढी कडक शिस्त का, याला इथलंच उदाहरण आहे. २१ जानेवारी २०१० रोजी धुक्यात उतरणाऱ्या मालवाहू ७४७ चं चाक धावपट्टीवर उभ्या असलेल्या देखभालीच्या व्हॅनच्या टपाला घासून गेलं. कोणाला इजा झाली नाही, पण थोडक्यात निभावलं.

विमानं कमी करायची वेळ आली की बहुतेकदा आधी कात्री लागते ती फ्रँकफुर्टसारख्या जवळच्या फेऱ्यांना, कारण त्या प्रवाशांना दुसऱ्या वाटेनेही पोचवता येतं. पाऊण तासाचं ते उड्डाण रद्द झालं तर हे करा:

१. रांगेत उभं राहतानाच कंपनीच्या अॅपवर पुढचं विमान दिसतं का बघा. दोन्ही बाजूंनी प्रयत्न चालू ठेवा.

२. त्या दिवशी जागा नसेल तर रेल्वेने पाठवायला सांगा. फ्रँकफुर्ट विमानतळाखालून कोब्लेंट्सला आणि तिथे गाडी बदलून ट्रियरमार्गे लक्झेंबर्गला जाता येतं. साधारण चार तास धरा.

३. कंपनीने बदल नोंदवल्याशिवाय स्वतःच्या मनाने विमान सोडून रेल्वेत बसू नका. तिकिटातला एक टप्पा न सांगता चुकवला की पुढचे सगळे टप्पे, परतीचे धरून, रद्द होऊ शकतात. हे नंतर विनवण्या करून क्वचितच दुरुस्त होतं.

४. पावत्या जपा. युरोपीय नियमांनुसार धुक्यासारख्या कारणासाठी रोख भरपाई मिळत नाही, पण जेवण, मुक्काम आणि दुसऱ्या मार्गाने पोचवणं ही जबाबदारी कंपनीचीच राहते. कारण कंपनीच्या हातातलं असेल आणि अंतिम ठिकाणी तीन तासांहून जास्त उशीर झाला, तर भरपाई अंतरानुसार २५० ते ६०० युरो.

पट्ट्यावर बॅग आली नाही तर

कनेक्शन आखूड असलं की माणूस धावत विमान गाठतो, बॅग मात्र मागेच राहते. बहुतेक वेळा ती पुढच्या फेरीने येते आणि पत्त्यावर पोचवली जाते. पण त्यासाठी आगमनकक्ष सोडायच्या आत तिथल्या काउंटरवर तक्रार नोंदवून नोंदक्रमांक घ्यायलाच हवा. बाहेर पडून ट्रॅममध्ये बसल्यावर फोन लावाल तर काम दुपटीने वाढतं. बॅग फुटलेली मिळाली तर लेखी दावा ७ दिवसांत, उशिरा मिळाली तर हाती आल्यापासून २१ दिवसांत करावा लागतो.

आणखी एक. फ्रँकफुर्टला पासपोर्ट तपासला म्हणून कस्टमही उरकलं असं समजू नका. थेट शेवटपर्यंत चेक-इन केलेल्या सामानाचं कस्टम फिंडेलवर होतं. युरोपीय संघातल्या प्रवासाच्या बॅगांच्या चिठ्ठीला दोन्ही कडांना हिरवी पट्टी असते, बाहेरून आलेल्या बॅगेला ती नसते. त्यामुळे पट्ट्याजवळ उभ्या असलेल्या अधिकाऱ्याला तुमची बॅग कुठून आली ते लांबूनच कळतं. संघाबाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. तूप, पेढे, बर्फी, खव्याचं काहीही त्यात आलं. आंबे आणि ताजा कढीपत्ताही वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय चालत नाही. मसाले, डाळी, चिवडा याला अडचण नसते. आईने बॅगेच्या तळाशी लपवून ठेवलेली तुपाची बरणी मात्र एक्स-रेमध्ये अगदी ठळक दिसते.

ट्रॅम: चढा आणि बसा

बाहेर पडल्यावर लोक हमखास एक चूक करतात: तिकिटाचं यंत्र शोधत बसतात. ते शोधू नका. २०२० पासून देशभरातली ट्रॅम, बस आणि रेल्वेचा दुसरा वर्ग सगळ्यांना मोफत आहे, पाहुण्यांनाही. कार्ड, नोंदणी, अॅप काही लागत नाही. पैसे पडतात ते फक्त रेल्वेच्या पहिल्या वर्गाला, म्हणून डब्यावर १ हा आकडा नाही ना, ते बघून चढा.

ट्रॅम विमानतळापर्यंत आली ती २ मार्च २०२५ ला. त्याआधी बसच होती, आणि जुन्या लेखांमधून, ब्लॉगमधून अजूनही तिचेच नंबर फिरत असतात. ट्रॅमचा थांबा टर्मिनलसमोरच आहे. मार्ग एकच, त्यामुळे चुकायला वाव नाही: हायेनहाफचं पार्किंग, लक्सएक्स्पो, किर्शबर्गचा बँका आणि युरोपीय संस्थांचा भाग, लाल पूल, जुनं शहर, मुख्य रेल्वे स्टेशन आणि तिथून पुढे दक्षिणेला स्टेडियम. स्टेशनपर्यंत अर्ध्या तासाच्या आसपास लागतो. परत येताना गाडीच्या कपाळावरची पाटी वाचून चढा, विमानतळ लिहिलं नसेल तर पुढची घ्या.

उतरायचं कुठे?

जुनं शहर, ग्रँड ड्यूकचा राजवाडा, तटबंदी बघायची असेल तर हामिलियुस. रेल्वेसाठी गार सेंट्राल. उत्तरेला एटेलब्रुक, क्लेर्व्हो किंवा व्हियांडेनचा किल्ला गाठायचा असेल, तर स्टेशनपर्यंत जाऊच नका. राउट ब्रेक-पाफेंडाल या थांब्यावर उतरा. राउट ब्रेक म्हणजे लाल पूल, अल्झेट नदीच्या दरीवरचा. तिथून दोरीवर ओढली जाणारी फ्युनिक्युलर गाडी दरीत थेट रेल्वे फलाटापाशी उतरवते, तीही मोफत. उत्तरेकडच्या गाड्या तिथे थांबतात आणि शहरातला सगळा फेरा वाचतो. व्हियांडेनला रेल्वे जात नाही, एटेलब्रुकला उतरून पुढे बस घ्यावी लागते.

लाल पूल आला की खिडकीतून वर बघा. इथून स्टेशनपर्यंत तारा नाहीत. जुन्या शहराचं रूप बिघडू नये म्हणून या टप्प्यात ट्रॅम साठवलेल्या विजेवर धावते आणि प्रत्येक थांब्यावर उभी असताना जमिनीतल्या संपर्कातून पुन्हा भारित होते. दोन्ही कडांना तारेला टेकणारा वरचा दांडा खाली येतो, वर जातो. लक्ष दिलं तरच कळतं.

मोफत प्रवासाची हद्द म्हणजे देशाची हद्द. ट्रियरला जाताना वासरबिलिग, मेट्झकडे जाताना बेटेम्बुर्ग, आर्लाँकडे जाताना क्लाइनबेटिंगेन, हे आपल्या बाजूचे शेवटचे थांबे. तिथून पुढचं तिकीट गाडीत चढायच्या आधीच फोनवर काढून ठेवा. वासरबिलिगला गाडी उतरून तिकीट घेण्याइतकी थांबत नाही, आणि सीमेपलीकडच्या तपासनीसाला लक्झेंबर्गमधला मोफत प्रवास ऐकवून उपयोग होत नाही.

टॅक्सी महाग आहे. तिची खरी गरज पहाटेच्या पहिल्या विमानाला पडते. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी ट्रॅमच्या फेऱ्या कमी असतात, म्हणून आदल्या रात्री सरकारी मोबिलिटेट अॅपवर वेळ बघा आणि जमत नसेल तर टॅक्सी तेव्हाच सांगून ठेवा.

एवढी लांब धावपट्टी कशाला?

गेटपाशी बसल्यावर हा प्रश्न पडतोच. धावपट्टी एकच, पण चार किलोमीटर लांब. एवढ्याशा देशाला ती लागते मालासाठी. १९५५ च्या सुमारास लॉफ्टलेइदिर या आइसलँडच्या कंपनीने इथून रेक्याविकमार्गे न्यूयॉर्कची स्वस्त तिकिटं विकायला सुरुवात केली. मोठ्या कंपन्यांनी आपसात ठरवलेले भाव तिला बंधनकारक नव्हते, म्हणून अमेरिकन विद्यार्थ्यांसाठी युरोपचं दार पुढची अनेक वर्षं लक्झेंबर्ग राहिलं. १९७० मध्ये हीच कंपनी, लक्सएअर आणि एक स्वीडिश जहाज कंपनी यांनी मिळून कार्गोलक्स काढली. मालवाहू ७४७-४०० जगात सगळ्यात आधी वापरली ती तिने, १९९३ मध्ये, आणि ७४७-८ चं मालवाहू रूपही २०११ मध्ये आधी तिच्याकडेच आलं. भरलेलं मालवाहू ७४७ उठायला लांब धावपट्टी हवी. २०२१ मध्ये फिंडेलवरून दहा लाख टनांहून जास्त माल गेला-आला.

प्रवाशांची वाढ त्या मानाने अलीकडची. इझीजेट २०१२ मध्ये, रायनएअर २०१६ मध्ये आली आणि २०१४ चे पंचवीस लाखांच्या आतले प्रवासी २०१९ पर्यंत चव्वेचाळीस लाखांच्या घरात पोचले. कोविडच्या दोन वर्षांत आकडा घसरला आणि पुन्हा वर गेला. विमानतळापर्यंत ट्रॅम आली ती त्यानंतर.  नाकाचं झाकण वर उघडून माल आत घेणारं ७४७ दिसलं तर थांबून बघा. हे विमान आता बनत नाही.

निघताना

दोन तास आधी पोचा, सकाळी सहा ते आठचं विमान असेल तर अडीच. इस्तंबूल किंवा लंडनचं विमान असेल तर निर्गम तपासणी फिंडेलवरच होते. ती झाल्यावर पलीकडे दुकानं मोजकी आहेत, म्हणून खाणं-खरेदी अलीकडेच उरका. फ्रँकफुर्टमार्गे असाल तर निर्गम तपासणी तिकडे होते, आणि तिथेही रांगेचा वेळ धरायचा आहे.

खरेदीवरचा १७ टक्के कर परत मागायचा असेल तर एक बारकावा सांभाळा. जी वस्तू भारतापर्यंत थेट चेक-इन होणाऱ्या बॅगेत जाणार, तिच्या कागदावर कस्टमचा शिक्का फिंडेलवर, बॅग पट्ट्यावर सोडायच्या आधी घ्यायचा. जी हातातल्या पिशवीतून न्यायची, तिचा शिक्का युरोपीय संघातल्या शेवटच्या विमानतळावर. चेक-इनच्या काउंटरवर आधी सांगितलं की ते बॅगेला चिठ्ठी लावून परत देतात आणि तुम्ही ती कस्टमकडे घेऊन जाता. पुढच्या विमानाचे बोर्डिंग पास तिथेच छापून घ्या, फ्रँकफुर्टच्या ट्रान्सफर काउंटरवरची रांग तरी टळेल.